पोर्ट बंद केलं होतंस ना?

नाहूर, मुंबई
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय देवव्रत,

नमस्कार. कसा आहेस, हे विचारायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही, तरी विचारते. कसा आहेस रे? नाशिकला थंडी जोरात असेल. इथली आपली नेहमीची, सकाळी सातपर्यंत स्वेटर आणि नऊला पंखा. आई बरी आहे, गुडघे सोडून. तुझी आठवण काढते. "तो घाऱ्या डोळ्यांचा पोरगा येत नाही का गं आता?" असं अजून विचारते आणि मी गॅस बंद करायच्या निमित्ताने आत जाते.

पत्र बघून दचकला असशील. नंबर तू ब्लॉक केलास, आता पाठवलेल्या मेलला उत्तर देत नाहीस. म्हटलं, पोस्टमनला तर ब्लॉक करता येत नाही ना! पत्ता तुझ्या आईनेच, अनुपमाकाकूंनी, दिला. सहजासहजी नाही हं. मुलुंडला तुमच्या घरी तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा त्यांनी मला दारातच उभं ठेवलं, दुसऱ्यांदा चहा मिळाला, तिसऱ्यांदा पत्ता आणि वर बोलणी. तू मामांच्या नर्सरीत गुलाबाची कलमं करतोस, कॉम्प्युटरला हात लावत नाहीस, हे त्यांनीच सांगितलं. आणि म्हणाल्या, "घरातून निघताना कुलूप तीन-तीनदा ओढून बघतो गं. कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. असा नव्हता तो."

मी चहा तसाच ठेवून उठले. का ते पुढे येईल. खरं सांगायचं तर ते सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलंय, पण आधी मला थोडी फुशारकी मारू दे. तीन वर्षांत मारली नाहीये.

देवा, आपण जिंकलो! झकास जिंकलो! मंगळवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी नाहूरच्या ऑफिसातल्या भिंतीवरच्या स्क्रीनवर सहाही सेंटरचे आकडे जिवंत आले. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, सगळी. कोण पेशंट डायलिसिसला आला, कोण मशीनवर आहे, कोण यायला हवा होता आणि आला नाही. त्याच मिनिटाचे आकडे रे, कालचे नाहीत! मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की प्यून धावत आला. त्याला वाटलं, कपाट पडलं.

तू म्हणशील, त्यात काय मोठं, हे तर आपल्याकडे आधीही होतं. होतं. पण तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून थोडं मागे जाते. २०२२च्या दिवाळीनंतर कुणीतरी परका आपल्या डेटाबेसमध्ये शिरला, पेशंटांची सगळी यादी पुसली आणि धमकीची चिठ्ठी ठेवून गेला. बॅकअप होता म्हणून वाचलो, तरी नऊ दिवसांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. चौकशीत निघालं की डेटाबेसचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, अख्ख्या इंटरनेटला सताड उघडं होतं. दाराचा नियम शेवटचा बदलणारा म्हणून तिथे तुझं नाव होतं. तुला आपल्या ट्रस्टने कामावरून काढल्याचं पत्र दिलं. तू सही केलीस, टेबल आवरलंस आणि गेलास.

त्यानंतर आरोग्यवेल ट्रस्टने ठरवून टाकलं, बाहेरून काहीही जोडायचं नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, तशातली गत. रिपोर्टिंगचं टूल बंद. सेंटरच्या नर्सने रजिस्टरचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा, इथे आपण तो टाइप करायचा. सोमवारी कोण आलं नाही, ते आम्हाला गुरुवारी कळायचं. आणि डायलिसिसवाल्या माणसाला गुरुवारपर्यंत वेळ नसतो, हे तूच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतंस. घाटकोपरच्या शेवंतीबाई आठवतात, मोगऱ्याचा गजरा आणायच्या सिस्टरसाठी? त्यांच्या लागोपाठ दोन खेपा चुकल्या, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी ऑक्सिजनवर होत्या. वाचल्या. पण आता गजरा नाही आणत, व्हीलचेअरवर येतात. त्यांच्या नोंदीच्या पानाचा फोटो टाइप करायच्या ढिगात माझ्याच टेबलावर पडून होता.

त्या दिवशी मी ठरवलं की हे दार मी नीट लावणार, आणि लावल्यावर ते कुणी लावलं नव्हतं तेही सांगणार. पहिलं करायला एक वर्ष लागलं. दुसरं करायला त्याहून जास्त हिंमत लागली.

तर ऐक, कसं केलं. तुला आवडेल. डेटाबेसचं दार आता जगाला दिसतच नाही. त्याच्यापुढे एक छोटंसं मशीन बसवलंय, डेटाबेस फक्त त्याच्याशी बोलतो. त्या मशीनकडे जायला पासवर्ड चालत नाही, किल्लीच लागते, आणि किल्लीचा गुप्त अर्धा आपल्या नाहूरच्या सर्व्हरमधून कधी बाहेर पडत नाही. तिथून इथपर्यंत बोगदा. आतून जे जातं ते सगळं कुलूपबंद, मधे कुणी कान लावला तर नुसती खरखर. रिपोर्टच्या टूलला तर पत्ताच नाही! त्याला वाटतं डेटाबेस आपल्याच उशाशी आहे. ते इथल्या इथे प्रश्न विचारतं, प्रश्न बोगद्यातून जातो, उत्तर बोगद्यातून येतं. आणि टूलला फक्त वाचायची परवानगी. पुसायची नाही. उद्या टूलच बिघडलं तरी एक ओळ पुसता येणार नाही त्याला.

पहिल्यांदा जोडताना मशीनने तो प्रश्न विचारला. तुझा लाडका. "समोरच्याचा ठसा असा-असा आहे, विश्वास ठेवायचा का?" जगातले सगळे लोक डोळे मिटून हो टाइप करतात. तू मला एकदा टपली मारली होतीस त्यावरून. "हो म्हणायच्या आधी बघ गं बाई, हो म्हणायला काय जातंय तुझं!" मी या वेळी सर्व्हरवाल्यांना फोन लावला आणि तो ठसा अक्षर न् अक्षर वाचून घेतला. तिकडचा माणूस वैतागला. म्हणाला, मॅडम, इतकी वर्षं नोकरी करतोय, हे असं कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे एक जण विचारायचा.

आणि मग वाट लागली. बोगदा रोज दुपारी मरायचा! सकाळी छान, दुपारी दोनला स्क्रीनवर एक वाजताचेच आकडे. तीन आठवडे डोकं फोडलं. नेटवर्कवाल्याला शिव्या घातल्या, केबल बदलली, नवस बोलायचाच बाकी होता. मग एकदा डबा उघडताना ट्यूब पेटली. आपल्या ऑफिसची जेवणाची सुट्टी! ठीक एकला सगळे उठतात, टेबलं जोडतात, भाज्यांची अदलाबदल सुरू होते, आणि तासभर रिपोर्टकडे कुणी बघतच नाही. बोगद्यातून काहीच जात नाही, मग मधला एखादा राउटर समजतो की इथे कुणी राहत नाही, आणि तोडून टाकतो. सुरणाच्या भाजीत हात तसाच ठेवून मी उठले.

उपाय काय, तर दर तीस सेकंदांनी या टोकाने विचारायचं, आहेस का? त्या टोकाने म्हणायचं, आहे. बस, एवढंच. तीनदा उत्तर आलं नाही तर बोगदा नव्याने उभा करायचा, आणि तोवर स्क्रीनवर लाल पट्टी: हे आकडे जुने आहेत. दोन ओळींचं काम होतं. ते करताना मला तूच आठवलास, कारण तीस सेकंद सोड, मी तुला तीन वर्षं विचारलं नव्हतं.

ट्रस्टच्या अध्यक्ष रत्नप्रभाताई, आपल्या त्या निवृत्त मेट्रन, आहेत तशाच आहेत. पंचाहत्तरी आली तरी आवाज वॉर्डभर. त्या म्हणाल्या, "तुझ्या बोगद्यावर मी विश्वास ठेवणार नाही. चोर आणून दाखव." म्हणून विशाल नावाचा माणूस आणला. त्याचा धंदाच दारं फोडून बघायचा, परवानगी घेऊन. अंधेरीचा, कानात बाळी, तोंडात सतत बडीशेप. आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, दोन तासांत घुसतो, तुम्ही चहा सांगा." दोन दिवस झटला रे! सगळीकडून धडका मारल्या. तिसऱ्या दिवशी बडीशेपची डबी माझ्यापुढे धरून म्हणाला, "नाय जमलं. दारच नाय सापडलं यार." मी ती बडीशेप अशी खाल्ली, जसं काय मेडल मिळालं.

आता मंगळवार. ट्रस्टच्या पाचही जणांसमोर स्क्रीन सुरू केली. दहा वाजून चार मिनिटांनी आकडे आले ते तुला सांगितलंच. आणि दहा वाजून पाच मिनिटांनी अंधेरी सेंटरच्या रांगेत एक नाव लाल झालं. जयवंत तावडे, वय एकोणसत्तर, जोगेश्वरी. साडेआठची वेळ, आले नाहीत. मागची खेपही चुकलेली. जुन्या पद्धतीने ते आम्हाला शुक्रवारी कळलं असतं.

फोन लावला, बंद. शेजाऱ्यांचा नंबर होता, तो लावला. तर कळलं, इमारतीची लिफ्ट तीन दिवस बंद, हे राहतात अकराव्या मजल्यावर, पायांना सूज, उतरणार कसे? फोनची बॅटरी संपलेली, चार्जर मुलगी घेऊन गेलेली. बाबा आपले "उद्या लिफ्ट सुरू होईल, मग जाऊ" म्हणत बसलेले. सेंटरचे दोन टेक्निशियन धावले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून अकरा मजले खाली आणलं त्यांना. गिरणीत जन्म घालवलेला मालवणी गडी, अकरा मजले शिव्या देत होता म्हणे. "हळू धरा रे मेल्यांनू, माका काय विसर्जनाक नेतास?" पावणेबाराला मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र काढली नसती.

मीटिंग थांबली नव्हती, सगळे तिथेच बसले होते. मशीनवर घेतल्याचा फोन आला तेव्हा खोलीत टाळ्या. देवा, माझ्यासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. रत्नप्रभाताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली, तीही वॉर्डातली, पाठ शेकली. म्हणाल्या, "शाब्बास पोरी. सिस्टीम्सचं सगळं आता तुझ्याकडे. मागच्यासारखा दार उघडं टाकून जाणारा माणूस पुन्हा नको."

आणि टाळ्या संपायच्या आत मी बोलले. म्हटलं, "ताई, दार त्याने उघडं टाकलं नव्हतं. मी टाकलं होतं."

तुला तो गणपती आठवतो? मला गावी जायचं होतं, आणि ट्रस्टचा सहामाही रिपोर्ट अडकलेला. आमच्या गावात रेंज कातळाच्या सड्यावरच्या एका काजूखाली, तीही दर तासाला इंटरनेटवरचा पत्ता बदलणारी, आणि डेटाबेस फक्त ओळखीच्या पत्त्यांनाच आत घ्यायचा, म्हणून तो मला घेणार नव्हता. आणि आमच्याकडे गणपतीला गावी न जाणं म्हणजे घरातलं कुणी गेल्यासारखं. तू म्हणालास, "जा गं तू, माझं लॉगिन घे, पोर्ट उघड, काम कर, आणि आल्या आल्या बंद कर." मी तुझ्या नावाने शिरले आणि सगळ्यांसाठी उघडलं. काजूखाली बसून रिपोर्ट पुरा केला. आरती केली, मोदक खाल्ले, आणि परत आले.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. मला वाटलं, आता रत्नप्रभाताई मला दारातून बाहेर काढणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "तीन वर्षं?" मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "त्या मुलाची आई मला मुलुंडच्या बाजारात भेटते. मी मान फिरवून जाते. माझ्याकडून हे करवलंस तू." मग सगळ्यांदेखत मी रडले, काय करू.

निकाल लागला तो असा. सिस्टीम्सचं पद मला नाही. माझ्या फाइलीत ताकीद, आणि ती पाचही जणांसमोर वाचून दाखवली. नोकरी ठेवली, कारण, ताईंच्याच शब्दांत, "अक्कल आहे, ती आता तरी कामाला लाव." मला सगळं मान्य आहे. देवा, खोटं वाटेल, पण त्या दिवशी मी नाहूर स्टेशनपर्यंत जवळजवळ नाचत गेले. वडापाववाल्याने विचारलं, मॅडम, लग्न ठरलं का? म्हटलं, त्याहून भारी!

सोबत ट्रस्टचं पत्र आहे, पाच सह्यांचं. २०२२चं पत्र मागे घेतलंय, चूक तुझी नव्हती असं स्पष्ट लिहिलंय, आणि माफी मागितलीय. ताईंनी त्याची प्रत स्वतः अनुपमाकाकूंना नेऊन दिली. दोघी दोन तास बसल्या म्हणे. काय बोलल्या ते कुणी सांगत नाही.

आता बोगद्यात कुणाचं लॉगिन कुणाला देता येत नाही. ज्याची किल्ली त्याचं नाव, ज्याचं नाव त्याचं काम. यादीत दोन जागा आहेत. एक माझी, दुसरी ताईंनी रिकामी ठेवायला सांगितलीय. यायचं असेल तर तुझी किल्ली कर आणि जगाला दाखवायचा अर्धा पाठव. नसेल यायचं तर गुलाबाचं एखादं कलम पाठव, आमच्या गॅलरीत ऊन येतं.

झालं, फुशारकी संपली. आता जे टाळत होते ते.

ट्रस्टला मी सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. ती त्यांची नव्हतीच, तुझी होती. तू गेलास त्या दिवशी जिन्यात थांबून मला विचारलंस, "दीप्ती, गणपतीनंतर पोर्ट बंद केलं होतंस ना?" आणि मी म्हटलं, हो. न बघता. खरंच वाटत होतं की केलं असेल. तू मान हलवलीस आणि म्हणालास, "मग माझ्याकडूनच राहिलं असणार. घाटकोपरचं नवं सेंटर जोडताना मी त्याच नियमांत हात घातला होता." आणि खाली जाऊन सही केलीस.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी डायरी काढली. गावाहून आल्यावर करायच्या कामांची यादी होती. मोदकपात्र मावशीला परत. आईचं औषध. छत्री दुरुस्त. पोर्ट बंद. पहिल्या तिन्हींपुढे बरोबरची खूण आहे. चौथ्यापुढे नाही. मला त्या संध्याकाळी कळलं होतं, देवा. तू तेव्हा अजून मुंबईतच होतास. फोन हातात होता. पर्मनंट व्हायला दोन महिने होते, आणि मी घाबरले. बस, दुसरं कारण नाही. सुचवायला गेले तर बरीच कारणं सुचतात, पण ती सगळी नंतरची आहेत.

तू कुलूप तीनदा ओढून बघतोस ते या एका "हो"मुळे. ते काकूंकडून ऐकलं, म्हणून चहा राहिला. ते पान फाडून सोबत ठेवलंय. बघ, नीट बघ, हो म्हणायच्या आधी बघतोस तसं. तू काही विसरला नव्हतास. तुझ्या हातून काही उघडं राहिलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि आताही नाही. उद्या नर्सरीत जाताना कुलूप लाव आणि सरळ चालू लाग.

संक्रांत होऊन चार दिवस झाले, म्हणून तिळाच्या वड्याही ठेवल्यात, आईच्या हातच्या. तिळगूळ घे, आणि माझ्याशी हवं तसं बोल. गोडच बोल असं मी म्हणणार नाही. नाहीच बोललास तरी चालेल.

जिन्यातल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर तीन वर्षं उशिरा देते. नाही रे. नव्हतं केलं.

तुझ्या नावाने दार उघडून, आता स्वतःच्या नावाने सही करणारी,
दीप्ती परब